अर्धे वैतागले, अर्धे प्रेमात पडले : पार्सल पोहोचवणाऱ्या एका गेमकडून शिकण्यासारखं



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नवीन प्रॉडक्ट बाजारात आणलंय. पहिल्या दहा गिऱ्हाइकांपैकी पाच जण म्हणाले, "वा, असं कुठेच मिळत नाही, अजून द्या." उरलेले पाच म्हणाले, "हे काय बनवलंय? नेहमीसारखं का नाही करत?" रात्री हिशेबाची वही घेऊन बसलात, पण डोक्यात फक्त ते दुसरे पाच जण. सकाळी उठून तुम्ही काय कराल? रेसिपी बदलाल? भाव कमी कराल? की "लोकांना कळत नाही" म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष कराल?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फीडबॅक कसा घ्यायचा ते पाहिलं. पण मिळालेला फीडबॅक दोन टोकांचा असेल तर करायचं काय, हे तिथे राहून गेलं. म्हणून आज इथे लिहितोय. आणि उदाहरण घेतोय एका व्हिडिओ गेमचं. गेम खेळत नसाल तरी चालेल, थोडा धीर धरा. हा गेम पार्सल पोहोचवण्याचा आहे आणि त्यात धंद्याचं बरंच काही आहे.

गेम काय आहे?

गेमचं नाव 'डेथ स्ट्रँडिंग'. बनवणारे जपानचे हिदेओ कोजिमा. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी तो सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर आला आणि जुलै २०२० मध्ये कॉम्प्युटरवर.

गोष्ट भविष्यातल्या अमेरिकेची. मोठ्या संकटानंतर शहरं एकमेकांपासून तुटली आहेत, माणसं जमिनीखाली दडून राहतात, बाहेर पडायला घाबरतात. तुम्ही असता सॅम, एक हमाल म्हणा किंवा डिलिव्हरीवाला. पाठीवर खोक्यांची चळत बांधायची, डोंगर चढायचे, नद्या ओलांडायच्या, सामान पोहोचवायचं आणि एकेक ठिकाण पुन्हा नेटवर्कला जोडत जायचं.

अशा ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोठ्या नकाशावर कुठेही फिरता येणाऱ्या गेममध्ये, लोकांना सवय असते धावायची, उड्या मारायची, बंदुका चालवायची. इथे मुख्य काम आहे चालणं. तेही नीट चालणं. ओझं एका बाजूला कललं की सॅमचा तोल जातो, बटणं दाबून तो सावरावा लागतो. बूट झिजतात. नदीत पाय घसरला तर सामान वाहून जातं. तिथला पाऊस ज्या वस्तूवर पडतो तिचं वय वाढवतो, त्यामुळे खोकी गंजतात. शिडी आणि दोर सोबत घ्यावेत तर त्यांचंही वजन पाठीवरच. म्हणजे निघण्याआधीच ठरवायचं : कोणता रस्ता, किती माल, काय सोबत, काय मागे. ज्याने टेम्पो भरून माल पाठवलाय त्याला हे लगेच कळेल.

आणि एक गंमत. तुम्ही ठेवलेली शिडी, बांधलेला पूल दुसऱ्या खेळाडूच्या जगात दिसू शकतो. तो माणूस तुम्हाला कधी भेटत नाही, पण त्या पुलावरून जातो आणि तुम्हाला 'लाइक' देतो. नापसंतीचं बटण ठेवलेलंच नाही.

मग लोक काय म्हणाले?

लोक सरळ दोन गटांत विभागले गेले.

जपानच्या 'फामित्सू' मासिकाने ४० पैकी ४० गुण दिले. 'गेमस्पॉट'ने १० पैकी ९. आणि 'आयजीएन' या मोठ्या वेबसाइटने १० पैकी ६.८. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या 'मेटाक्रिटिक'वर प्लेस्टेशन ४ च्या आवृत्तीची सरासरी १०० पैकी ८२ च्या आसपास. आता नुसती सरासरी बघितली तर वाटेल, बरा गेम आहे, बऱ्यापैकी सगळ्यांना आवडलाय. पण सरासरी इथे फसवते. कोणाला तो डोक्यावर घ्यावासा वाटला, कोणाला तासाभरात बंद करावासा वाटला.

हा मुद्दा वहीत लिहून ठेवा : सगळ्यांनी पाचपैकी तीन दिले तरी सरासरी तीन, आणि अर्ध्यांनी पाच, अर्ध्यांनी एक दिला तरी सरासरी तीनच. पण हे दोन धंदे अगदी वेगळे आहेत. पहिल्यात कोणी नाराज नाही, पण कोणी परतही येणार नाही. दुसऱ्यात अर्धे परत येणार आहेत.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐका.

नावडलेले म्हणाले : हे तर नुसतं चालणं आहे. इतर गेममध्ये 'हे सामान तिकडे दे' हे फावल्या वेळचं किरकोळ काम असतं, इथे त्याचाच अख्खा गेम केलाय. सुरुवात फार संथ. मधले चित्रपटासारखे प्रसंग लांबलचक. गोष्ट डोक्यावरून जाते. ओझं सावरत बसायचं, वारंवार पडायचं, यात मजा कसली?

आवडलेले म्हणाले : या चालण्यातच मजा आहे. डोंगर उतरताना दूरवर वस्ती दिसते, मागे गाणं सुरू होतं आणि पाठीवरचा माल शाबूत असतो, तेव्हा जे समाधान मिळतं ते गोळीबारात नाही. एकटेपणा जाणवतो, आणि म्हणूनच कोणी अनोळखी माणसाने ठेवलेली शिडी सापडली की बरं वाटतं.

लक्षात आलं का? दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. चालण्याबद्दल. एकाला ती कटकट वाटते, दुसऱ्याला तोच जीव वाटतो. मग बनवणाऱ्याने कोणाचं ऐकायचं?

कोजिमांनी काय बदललं, काय नाही?

माझ्या मते खरा धडा इथे आहे.

चालणं त्यांनी काढलं नाही. पण "जड जातंय" म्हणणाऱ्यांना हाकलूनही दिलं नाही. गेम बाजारात यायच्या आधीच त्यांनी 'व्हेरी ईझी' नावाची अगदी सोपी पातळी ठेवली होती, म्हणजे ज्यांना फक्त गोष्ट बघायची आहे, गेमची फारशी सवय नाही, त्यांनाही शेवटपर्यंत जाता यावं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी 'डायरेक्टर्स कट' ही वाढीव आवृत्ती आली. त्यात मदतीची साधनं वाढवली : माल लांब फेकणारं यंत्र, सोबत ओझं उचलणारा रोबो, उंचावरून उतरताना माल सावरणारं साधन. बंदुकीचा सराव करायला जागा दिली, गाड्यांची शर्यत दिली. पण पाठीवर सामान घेऊन डोंगर ओलांडणं, हा गाभा तसाच.

म्हणजे त्यांनी तक्रारींचे दोन ढीग केले असं समजा. एका ढिगात : "तुम्ही हे बनवलंतच का?" दुसऱ्या ढिगात : "हे चांगलंय, पण मला झेपत नाही." पहिल्या ढिगासाठी काही बदललं नाही. दुसऱ्या ढिगासाठी भरपूर बदललं.

त्याचा परिणाम? पहिल्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये या गेमला दिग्दर्शन आणि संगीताचे पुरस्कार मिळाले, अभिनयाचा पुरस्कार मॅड्स मिकेल्सन यांना मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की खेळाडूंची संख्या १ कोटी झाली. (हे खेळाडू आहेत, विकलेल्या प्रती नव्हेत. सबस्क्रिप्शनवर खेळणारेही त्यात आले. इन्स्टाग्रामवरचे व्ह्यूज आणि गल्ल्यातले पैसे यांत तुम्ही जसा फरक करता, तसाच इथेही करा.) मधल्या काळात २०२० चं लॉकडाऊन येऊन गेलं होतं. घरात अडकलेली माणसं आणि दारापर्यंत सामान आणणारा एक माणूस, ही गोष्ट तोपर्यंत कोणाला विचित्र वाटेनाशी झाली होती. अनेकांनी गेमकडे पुन्हा वळून पाहिलं.

आता माझी चूक सांगतो

ट्रेनर व्हायच्या आधी मी मसाल्याचा धंदा केलाय, हे जुन्या बॅचच्या लोकांना माहीत आहे. आईच्या पद्धतीचा काळा मसाला. खोबरं आणि कांदा चांगला काळपट होईपर्यंत भाजायचा, दगडफूल सढळ हाताने. पाकीट फोडलं की शेजारच्या घरात कळायचं.

पहिली खेप वीस किलोची. प्रदर्शनात स्टॉल लावला. काही बायकांनी पाकीट हुंगलं आणि जागेवर दोन-दोन पाकिटं घेतली. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या गावची आठवण झाली." आणि बाकीचे? "फार उग्र आहे हो." "जळका वास येतो." "रंग लाल नाही." घरी नेलेल्यांपैकी काहींचे फोन आले, "भाजी कडू झाली."

मी घाबरलो. भांडवल उसनं आणलेलं, दुकानदार माल परत पाठवायच्या गोष्टी करत होता. दुसऱ्या खेपेत भाजणं कमी केलं, दगडफूल निम्म्यावर आणलं, रंगासाठी मिरची बदलली. मसाला छान लाल झाला. वास सौम्य झाला. आता तक्रार एकही नाही.

आणि ऑर्डरही नाही!

ज्यांना उग्र वाटलेला, ते कधी परत आलेच नाहीत, कारण लाल मसाला त्यांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माझ्यापेक्षा स्वस्तात मिळत होता. आणि ज्या मावशींना गावची आठवण झाली होती, त्यांनी दुसरं पाकीट हुंगलं, खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "तो नाही का आता?" ते वाक्य अजून कानात आहे. तिसरी खेप झालीच नाही.

बऱ्याच उशिरा डोक्यात प्रकाश पडला. "भाजी कडू झाली" ही तक्रार मसाल्याची नव्हतीच. लोक दुकानातल्या मसाल्याच्या सवयीने दोन चमचे घालत होते, आमचा अर्ध्या चमच्याचा होता. पाकिटावर मी कंपनीचं नाव, फोन नंबर, देवाचा फोटो, सगळं छापलं होतं. 'चार माणसांच्या भाजीला अर्धा चमचा' एवढी एक ओळ छापली नव्हती.

कोजिमांनी सोपी पातळी दिली आणि डोंगर ठेवला. मी लेबल बदलायचं सोडून मसालाच बदलला.

पण थांबा, "वेगळं करा" म्हणजे काहीही करा नाही

हे वाचून कोणी उठेल आणि म्हणेल, "सर, माझ्या मालाला लोक नावं ठेवतात, म्हणजे मी कोजिमाच!" तसं नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : पत आधी कमवा. कोजिमा १९८६ पासून या क्षेत्रात आहेत. १९८७ मध्ये त्यांचा 'मेटल गिअर' आला, त्याची मालिका जगभर गाजली. २०१५ मध्ये कोनामी कंपनीतून बाहेर पडून त्यांनी आपला स्वतंत्र स्टुडिओ उभा केला तेव्हा सोनीसारखी कंपनी मागे होती. तीस वर्षांची पुण्याई होती म्हणून लोकांनी संथ सुरुवात सहन केली. तुम्हाला-मला गिऱ्हाईक तेवढा वेळ देत नाही. म्हणून आपला प्रयोग छोटा ठेवायचा. वीस किलो नाही, दोन किलो. माझंच उदाहरण समोर आहे.

दुसरी : धोका एकाच जागी घ्या. या गेममध्ये खेळण्याची पद्धत वेगळी होती, पण बाकीचं? ज्यावर गेम उभा राहतो ते इंजिन त्यांनी नव्याने बांधलं नाही, आम्स्टरडॅमच्या गुरिल्ला गेम्स कंपनीचं 'डेसिमा' वापरलं. भूमिकांसाठी नॉर्मन रीडस, मॅड्स मिकेल्सन, लेआ सेडू असे ओळखीचे चेहरे घेतले. म्हणजे एक गोष्ट अनोळखी आणि तिच्याभोवती भरवशाच्या गोष्टी. तुमची नाचणीची शेव नवीन असेल तर पाकीट ओळखीच्या आकाराचं ठेवा, पैसे घ्यायची पद्धत नेहमीची ठेवा, दुकानही लोकांच्या पायाखालचं निवडा. सगळंच नवीन केलंत तर नक्की काय आवडलं नाही हे कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही नाही.

तिसरी : चूक ही चूक असते. वजन कमी भरलं, माल शिळा निघाला, डबा उशिरा पोहोचला, पाकिटातून तेल झिरपलं, तर ती 'मतभेद' म्हणून खपवायची नाही. त्याच दिवशी माफी मागायची, माल बदलून द्यायचा. इथे दोन मतं नसतात.

दुसऱ्या भागाची गंमत

गेमचा दुसरा भाग, 'डेथ स्ट्रँडिंग २ : ऑन द बीच', २६ जून २०२५ रोजी आला. गोष्ट आता मेक्सिको आणि ऑस्ट्रेलियात घडते. त्याचं संगीत करणारे फ्रेंच संगीतकार वुडकिड यांनी एका मुलाखतीत एक किस्सा सांगितला. गेम तयार होत असताना काही लोकांना चाचणीसाठी दिला होता आणि सगळ्यांना तो खूपच आवडला. कोजिमा त्यावर खूश होण्याऐवजी अस्वस्थ झाले आणि त्यांनी काही भाग बदलले, कारण सगळ्यांना सहज आवडतंय म्हणजे आपण नेहमीचंच काहीतरी केलंय, असं त्यांना वाटलं.

हा किस्सा ऐकायला भारी आहे, पण आपण तो जसाच्या तसा उचलायचा नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना तुमची चकली आवडली तर देवाचे आभार माना आणि दुप्पट पीठ भिजवा! मुद्दाम कोणाला नाराज करायची गरज नाही. मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा : माझा माल उद्या बंद झाला तर कोणाला चुकल्यासारखं वाटेल? असं वाटणारी पन्नास माणसं असतील तर धंदा उभा राहू शकतो. सगळे "छान आहे" म्हणतात, पण चुकल्यासारखं कोणालाच वाटणार नाही, तर धोका तिथे आहे. माझा लाल मसाला तसाच होता.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा. मोबाइलमध्ये नको, वहीच. मागच्या महिन्यात आलेल्या सगळ्या तक्रारी गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. व्हॉट्सॲपवरच्या, फोनवरच्या, तोंडावर सांगितलेल्या, आणि न बोलता पाकीट खाली ठेवून गेलेल्याही. मग शेजारी तीन रकाने आखा.

१. चूक. आपलं काम कमी पडलं. आज दुरुस्त करायचं.

२. गैरसोय. माल पटलाय, पण वापरायला, घ्यायला, समजायला अडचण येते. इथे वाट सोपी करा : लेबलवर एक ओळ, छोटं पाकीट, चव बघायला नमुना, घरपोच सोय. महिनाभरात करा. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त तक्रारी या रकान्यात निघतात आणि खर्च सगळ्यात कमी येतो.

३. गाभा. ज्यासाठी तुमचे हक्काचे गिऱ्हाईक येतात, तीच गोष्ट दुसऱ्याला नको आहे. इथे हात लावायचा नाही. त्या माणसाला हसून सांगा, "ताई, तुम्हाला सौम्य हवा असेल तर पलीकडच्या दुकानात चांगला मिळतो." खरंच सांगा. तो माणूस नाराज होत नाही, उलट उग्र मसाला शोधणाऱ्या नणंदेला तुमच्याकडे पाठवतो.

कोणती तक्रार कुठे टाकायची ते कळत नसेल तर एक सोपी युक्ती. तुमच्या सगळ्यात जुन्या तीन गिऱ्हाइकांना फोन करा आणि विचारा, "मी ही गोष्ट बदलली तर चालेल का?" ते म्हणाले "अहो करा की, बरंच होईल", तर ती गैरसोय. ते म्हणाले "मग आम्ही घ्यायचं कशाला?", तर तो गाभा.

मी त्या वेळी मावशींना हा एक फोन केला असता, तर आज कदाचित ट्रेनर नसतो, मसालेवालाच असतो!

तीनही रकाने भरून झाले की कोणत्या रकान्यात जास्त नोंदी आल्या ते कमेंटमध्ये लिहा. निवडक उदाहरणं घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र बसून सोडवू. तोपर्यंत पाठीवरचं ओझं नीट बांधा, तोल सांभाळा आणि चालत राहा.

भेटूया पुढच्या भागात.